धुळानं लावलेलं इंजिन

आमच्या गावची बोट चालवणाऱ्या माणसाला पोहता येत नाही. हे बाहेरच्या कुणाला सांगितलं, तर तो आम्हाला वेड्यात काढेल. धुळा स्वतः मात्र हे लपवत नाही. बोटीत पाय ठेवायच्या आधी केशरी जाकीट अंगात घालतो, चारही बंद आवळतो आणि हसणाऱ्यांना म्हणतो, "हसा. आमच्याकडं पानी आडाच्या तळाला आसतं. पवायचं कुटं, आडात?"

तो मूळचा आटपाडीकडचा. घरची मेंढरं. पंचवीस वर्षांपूर्वी उन्हाळ्यात बापाबरोबर आमच्या रानात मेंढरं बसवायला आला. रानाला खत मिळावं म्हणून कळप शेतात मुक्कामाला ठेवतात, त्याला आम्ही मेंढरं बसवणं म्हणतो. त्या वेळी आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, औषध मारायचा पंप बंद पडला होता. ह्यानं तो उकिडवं बसून खोलला, फुंकला, पुसला आणि चालू करून दिला. आबा लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, माणसाची पारख करायची त्यांना खोड. म्हणाले, "मेंढरं जाऊ देत, तू ऱ्हा." धुळा राहिला. एस.टी. थांब्याजवळ त्यानं पत्र्याचं दुकान टाकलं. फवारणीचे पंप, झाडं तोडायची करवत, गवत कापायचं यंत्र, सगळ्या गावाची टू-स्ट्रोक इंजिनं त्याच्या हाताखालून जातात.

मी उदयसिंह. माझं खतं-औषधांचं दुकान आहे आणि गावच्या पूर समितीचा मी अध्यक्ष आहे. गाव कृष्णेच्या काठावर, सांगलीच्या वरच्या अंगाला. मला राग लवकर येतो आणि माझंच खरं करायची सवय आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं ते दिसणारच आहे.

बोट सरकारी, इंजिन मात्र गावचं. कोयनेच्या जलाशयावर बोट चालवणाऱ्या एकाकडून घेतलेलं जुनं टू-स्ट्रोक. एकोणीसच्या महापुरात धुळानं त्याच इंजिनावर तीन दिवसांत दीडएकशे माणसं काढली. पण आता ते थकलं होतं. यंदा मे महिन्यात नवीन घ्यायचं ठरलं आणि वादाला तोंड फुटलं, टू-स्ट्रोक घ्यायचं की फोर-स्ट्रोक?

मी सांगलीला जाऊन चौकशी करून आलो होतो. फोर-स्ट्रोकला पेट्रोल कमी लागतं, धूर नाही, आवाज नाही. मोटारसायकलीसारखं साधं पेट्रोल टाकायचं. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑईल मोजून मिसळावं लागतं. पुराच्या घाईत कुणी नुसतंच पेट्रोल ओतलं, तर इंजिन जागेवर जाम. बैठकीत मी हे सगळं ऐटीत मांडलं.

धुळा दाराजवळ बसला होता. त्याला विचारलं, तर आधी उठून उभा राहिला. मग म्हणाला, "दादा, तुमचं खोटं न्हाई. पर फोर-स्ट्रोक जड हाय. जुनं मी एकटा खांद्यावर मारून पळतो. हे उचलायला दोघं लागत्यात. धारंला जोर मारायचा तर टू-स्ट्रोक. मोडलं तर माज्या पान्यानं खुलतंय. हे नव्यातलं पुरात बिघडलं तर सांगलीचा मिस्त्री काय पवत येनार हाय?"

लोक हसले आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "धुळा, तुला येतं तेवढंच जगात असतं का रं?" असं मी सगळ्यांदेखत बोललो. हात वर झाले आणि फोर-स्ट्रोक आलं.

मारुतीच्या देवळापुढं इंजिनाची पूजा झाली. माझ्या बायकोनं, राजेश्वरीनं, त्याच्या टोपणाच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, एका अंगाला कुंकवानं ठसठशीत स्वस्तिक काढलं. जुनं इंजिन घासूनपुसून जोडीला ठेवलं.

जूनमध्ये धुळा दर रविवारी नवीन इंजिन बोटीला लावून नदीवर जायला लागला. मला वाटलं, खोडी शोधतोय. एकदा मुद्दाम बघायला गेलो. बोट नदीच्या मध्यावर अगदी दमानं चालली होती आणि हा मान एका बाजूला कलती करून नुसता बसला होता. काठावर आला तेव्हा मी टोमणा मारला, "काय, सापडली का खोड?"

तो म्हणाला, "पल्याडच्या घाटावर बाया बोलत हुत्या. कुनाची सून म्हायेराला गेलीया, त्ये सुदिक आयकू आलं." एवढंच बोलून तो इंजिन पुसायला लागला. मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धरणांतून विसर्ग वाढला. पाणी आधी नदीतून नाही, ओढ्यातून मागं फुगत आलं. आमच्याकडं ते असंच येतं, चोरासारखं मागच्या दारानं. आमचा मळा ओढ्यापलीकडं सखल जागेला आहे. आबा तिथंच राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. मंगळवारी दुपारी मी त्यांना आणायला गेलो. तीन गाई ट्रॉलीत चढवल्या. चौथी, राणी नावाची, गाभण. ती काही केल्या चढेना. आबा म्हणाले, "तिला मी चालवत आनतो सकाळी. पानी उद्या दुपारपत्तोर येत न्हाई. मी पाच पूर बघितल्यात." मी चिडलो, भांडलो आणि निघून आलो. बापाला उचलून आणायला हवं होतं, ते केलं नाही.

पाणी पहाटेच आलं. सहा वाजता आबांचा फोन आला, "मी हाय, राणी हाय, पानी गोठ्यात हाय." मग फोन बंद. नऊ वाजता पुन्हा लावला, तरी बंद. बचाव पथकाची एक बोट मळ्याकडून दोनदा फिरून आली. त्यांनी फोनवर कळवलं, वस्ती पाण्याखाली आहे, कुणी दिसलं नाही, पुढच्या गावात माणसं छपरांवर अडकलीत म्हणून तिकडं जातोय. म्हटलं, आपली बोट काढायची, आत्ताच्या आत्ता.

ग्रामपंचायतीत पाणी शिरेल म्हणून दोन्ही इंजिनं आदल्या संध्याकाळी मीच वरच्या शाळेत हलवली होती. ट्रॉलीत गादी टाकून त्यावर नवीन इंजिन आडवं ठेवलं होतं. धुळा तेव्हा खालच्या आळीतली माणसं हलवत होता. आता तो धावत शाळेत आला, इंजिनाकडं बघितलं आणि जागेवर थांबला.

"ह्ये ह्या कुशीवर कुनी निजवलं?"

"मी. का?"

"ह्याला येकाच कुशीवर निजवायचं आसतं. ही कूस उलटी हाय. पोटातलं ऑईल सिलिंडरात गेलं आसंल रातभर."

टोपणावर कुठल्या बाजूनं ठेवायचं त्याचं चित्र चिकटवलेलं होतं. ते मी बघितलंही होतं. पण तसं ठेवायचं, तर राजेश्वरीनं काढलेलं स्वस्तिक खाली जात होतं. देवाचं चिन्ह गादीखाली, ट्रॉलीच्या तळाला कसं घालायचं? माझ्या मनाला ते पटलं नाही, म्हणून स्वस्तिक वर आणि इंजिन उलट्या कुशीवर. आमच्या गावातल्या कुणीही तेच केलं असतं, पण अध्यक्ष मी होतो.

धुळानं इंजिन उभं केलं आणि चालू करायची दोरी हळूच ओढून बघितली. दोरी हलेना. सिलिंडरात ऑईल तुंबलं होतं.

"मरू दे ते!" मी ओरडलो. "जुनं लाव. तुझं जुनं लाव, चल!"

जुनं शेजारीच भिंतीला टेकून उभं होतं. त्याचा मिसळलेला पेट्रोलचा कॅन भरलेला. दोन मिनिटांत बोटीला लागलं असतं. तानाजी, आमच्यातला पट्टीचा पोहणारा, जुन्या इंजिनाला हातही घालायला लागला.

"तान्या, ऱ्हाऊ दे," धुळा म्हणाला. "पाना दे. नवंच न्यायचं."

मला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं. मे महिन्यात ज्याच्या विरुद्ध बोलला, त्याच्याच मागं आता लागतोय, तेही ते बिघडलेलं असताना. मी त्याच्या दंडाला धरलं. "माझा बाप मरतोय तिकडं आणि तू हितं दुरुस्ती करत बसनार? किती वेळ?"

"ईस मिनटं."

"वीस मिनिटं! धुळा, हात जोडतो. जुनं लाव."

खरंच हात जोडले मी. ज्याला सगळ्यांदेखत हिणवलं, त्याच्यापुढं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. टोपण काढलं, वायरी बाजूला केल्या आणि पहिला प्लग पान्यानं सैल करता करता बोलायला लागला. आवाज अगदी साधा, कुणाला हिशोबाचं काही सांगावं तसा.

"दादा, धारंत जायाचं आसतं, तर मी जुनंच लावलं आसतं. मळ्यात धार न्हाई. नुस्तं साचल्यालं पानी आन् खाली बारा फूट ऊस. तितं दमानं हिंडावं लागतंय. टू-स्ट्रोक दमानं चालवलं की प्लग काळा करून मरतंय. आन् दुसरं." तो थांबला. प्लग बाहेर आला, त्यावरून ऑईल ठिबकत होतं. "येकोनीस साली दगडाबाई गेली."

दगडाबाई खालच्या आळीला एकटी राहायची. पाणी उतरल्यावर माळ्यावर सापडली, हे गावाला माहीत होतं.

"मी तिच्या दारावरनं दोनदा गेलो. दोनदा. ती हाका मारत हुती. बाजूच्या गच्चीवरच्यांनी आयकलं, त्येंनी मला मागनं सांगितलं. माज्या कानात नुस्तं इंजिन. आजवर कुनाला बोललो न्हाई."

शाळेच्या व्हरांड्यात दहा-बारा माणसं होती. खरं सांगतो, मला त्या वेळी दगडाबाईची दया आली नाही. मला एवढंच दिसत होतं, की एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. मी म्हणालो, "मग जुनं मधेमधे बंद करून ऐकू की!"

"बंद केलं की बोट वाऱ्यानं सरकती, इजेच्या तारंवर जाती. आन् तापल्यालं जुनं इंजिन पुन्ना चालू हुईलच, आसं मी छातीठोक सांगत न्हाई. तुमचा बाप हाय. माजाबी हाय. मला करू द्या."

दोन्ही प्लग निघाले. तानाजीनं दोरी ओढली आणि भोकांतून काळं ऑईल पिचकारीसारखं भिंतीवर उडालं. पुन्हा ओढली, पुन्हा उडालं. धुळानं प्लग पेट्रोलनं धुतले, स्वतःच्या सदऱ्याला पुसले, परत बसवले. मोजायची पट्टी घालून बघितली आणि जेवढं ऑईल गेलं, तेवढं पिशवीतल्या मोटारसायकलीच्या ऑईलनं भरून काढलं. मी घड्याळाकडं बघत व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो. एकदा तर जुनं इंजिन स्वतःच उचलून घ्यावं, असं मनात आलं. ते खांद्यावर घेऊन मी पाण्यापर्यंत जाऊ शकलो असतो. पुढं चालवलं कुणी असतं?

तेवीस मिनिटांनी इंजिन बोटीला लागलं. पहिल्या दोरीला नुसता खोकला. दुसऱ्या दोरीला काहीच नाही. तिसऱ्या ओढीला निळ्या धुराचा लोट आला आणि ते लागलं. आम्ही तिघं निघालो. धुळा मागं, मी मधे, तानाजी पुढं बांबू घेऊन.

रस्ता असा नव्हताच. विजेचे खांब धरून जायचं. मळ्यापर्यंत चौदा खांब, ते मला लहानपणापासून पाठ. पाऊस बारीक, पण दाट. समोरचा खांब दिसायचा, त्याच्या पुढचा नाही. नवव्या खांबाजवळ उसाची पाचट इंजिनाच्या पंख्याला गुंडाळली. धुळानं इंजिन वर उचललं, तानाजीनं विळ्यानं पाचट कापली आणि बोट तेवढ्यात तारांकडं सरकली. आम्ही तिघंही आडवे झालो. तार माझ्या पाठीवरून घासत गेली. वीज बंद होती, तरी अंगावर काटा आला. इंजिन पुन्हा चालू होईपर्यंत मी मनातल्या मनात मारुतीला काय काय बोललो, ते इथं लिहीत नाही.

चौदावा खांब आला. वस्ती नव्हती. गोठ्याच्या पत्र्याचा एक कोपरा पाण्यावर होता, घराचा पत्ताच नाही. मी "आबा!" म्हणून ओरडलो. काही नाही. पुन्हा ओरडलो, घसा फाटेपर्यंत. चारी बाजूंना पाणी आणि त्यावर पाऊस. माझ्या मनानं घेतलं, की संपलं. मी बोटीच्या तळाला बसलो आणि लहान पोरासारखा रडायला लागलो.

"दादा, रडू नगा," धुळा म्हणाला. धीर देत नव्हता, दटावत होता. "आयकू येत न्हाई मला."

त्यानं इंजिन अगदी कमी केलं. इतकं, की नुसती गुरगुर. मान कलती केली. बोट डावीकडं, घराच्या जागेकडं निघाली होती. त्यानं हात वर केला आणि दांडा उलटा फिरवला. उजवीकडं, उसावरून, जिकडं काहीच नव्हतं तिकडं. मला काही ऐकू येत नव्हतं. तानाजीलाही नाही. पन्नासेक हात गेल्यावर मला कळलं.

कुणीतरी बोलत होतं. हाक नव्हे. दबक्या, बसक्या आवाजात कुणीतरी कुणाला तरी रागावत होतं. "मान वर. राणे, मान वर कर. झोपायचं न्हाई."

जांभळीच्या बेचक्यात आबा बसले होते, धोतरानं कंबर फांदीशी बांधून. हातात कासरा. कासऱ्याच्या टोकाला राणी, पाण्यावर फक्त नाकपुड्या आणि शिंगं. पहाटेपासून ते असे बसले होते. आमच्या आधी आलेल्या त्या बोटीला त्यांनी दोन्ही खेपांना हाका मारल्या होत्या. त्यात घसा गेला. मग त्यांनी हाका मारायचं सोडलं आणि जेवढा आवाज उरला, तो गाईसाठी वापरला.

बोट फांदीला लागली. मी त्यांना धरलं. त्यांची बोटं कासऱ्यावरून सुटेनात. "आदी तिला," ते म्हणाले. मी नाही म्हणणार होतो, पण धुळा बोलला, "आवं सुभेदार, दोघांस्नीबी नेतो. बसा तुमी." तानाजीनं राणीचं तोंड बोटीच्या काठाला धरून ठेवलं आणि आम्ही परत निघालो. पाऊण तास लागला. गाईला पोहता येईल एवढ्याच चालीनं धुळानं ते इंजिन चालवलं. एकदाही बंद पडलं नाही.

शाळेखालच्या उतारावर सगळं गाव उभं होतं. आबांना उचलून नेलं, राणीला चार जणांनी ओढून वर घेतलं. कुणीतरी ओरडलं, "अध्यक्षांचं इंजिन म्हणून वाचले सुभेदार!" दुसऱ्यानं री ओढली. माझ्या पाठीवर थापा पडायला लागल्या. व्हरांड्यातली दहा-बारा माणसं पांगलेली होती, तानाजी आबांबरोबर वर गेला होता. मी धुळाकडं बघितलं. तो जाकिटाचे बंद सोडत होता. म्हणाला, "व्हय, दादांनी हट्ट धरला म्हनून तर आलं ह्ये इंजिन." ह्यात खोटं काही नव्हतं. मी गप्प बसलो.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर माझा सत्कार झाला. दूरदृष्टी दाखवून योग्य इंजिन निवडल्याबद्दल शाल आणि नारळ. धुळा तेव्हा चिखल भरलेले पंप खोलत दुकानात बसला होता. मी शाल घेतली, दोन शब्द बोललो, टाळ्या झाल्या. आबा पुढच्या रांगेत होते, त्यांनीही वाजवल्या.

त्या टाळ्यांनी मला झोप लागू दिली नाही. आबांना तोंडानं सांगायचं धाडस होईना, म्हणून हे लिहून काढलं. काल सकाळी गोठ्यात त्यांच्यापुढं बसलो आणि पहिल्यापासून वाचून दाखवलं. उलटी कूस, जोडलेले हात, "जुनं लाव" म्हणून केलेला आरडाओरडा, काही गाळलं नाही. धुळानं माझं ऐकलं असतं, तर आज तुम्ही नसता, हेही वाचलं. दगडाबाईचा भाग मात्र धुळाला विचारून ठेवला आहे. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, खरंच हाय."

आबा डोळे मिटून ऐकत होते. वाचून झालं, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. घसा अजून पुरता सुटलेला नाही त्यांचा. मग म्हणाले, "मला कशाला वाचून दावतोस? शाल गावानं दिली. ग्रामसभेत वाच. आन् बसून न्हाई, उभं राहून."

ग्रामसभा शुक्रवारी आहे.